गाणं किती दिवसांपासून आहे?

"हे गाणं किती दिवसांपासून आहे, बेटा?"

नोकरीचा माझा पहिला दिवस होता. केसपेपर लावता लावता मी काहीतरी गुणगुणत होते आणि शेजारच्या टेबलावरचा पांढऱ्या दाढीचा माणूस खोकल्याची चौकशी करावी तसं मला विचारत होता.

"सकाळपासून," मी म्हणाले.

"सकाळी जास्त का संध्याकाळी?"

"म्हंजे?"

"माहेर सुटल्याचं गाणं हाय हे. घर कुठं?"

"कन्नडला. इथं बजाजनगरात भावाकडं राहते."

"हौ. घरची आठवण. माइल्ड." त्यांनी हात झटकला. "शनिवारी एस्टी पकड, आईच्या हातचं खा. गोळीची जरूरत नाय."

हे नसीरभाई. मानसोपचाराच्या दवाखान्यात ते नंबर लावायचे, मी केसपेपर काढायचे. त्याआधी गुलमंडीत त्यांचं कॅसेट भरून द्यायचं दुकान होतं. गिऱ्हाईक चिठ्ठीवर गाणी लिहून आणायचं आणि नसीरभाई ती नव्वद मिनिटांच्या कॅसेटमध्ये बसवायचे. "चिठ्ठी वाचली की माणूस कळायचा," ते सांगायचे. "एका जणानं दोन्ही बाजूंनी एकच गाणं भरून घेतलं. तेव्हा मला वाटलं, इश्क हाय. इथं आल्यावर कळलं, ओसीडी."

आजारांची नावं त्यांनी भिंतीवरच्या पोस्टरांवरून पाठ केली होती, आणि आयुष्यभर ऐकलेली गाणी घेऊन ते एकेका नावाखाली भरती करत होते. एका डोंगरावरून नायक गातो, दुसऱ्या डोंगरावरून नायिका उत्तर देते, अशी गाणी त्यांना फार गंभीर वाटायची. "आजूबाजूला एक बी माणूस नाय आणि ह्यांना साठ व्हायोलिनं ऐकू येतात. घरचे लोक काय करतात? आणत का नाय दाखवायला?" वरातीतल्या डीजेच्या गाण्यांना ते मेनिया म्हणायचे. झोप नाय, बोलणं फास्ट, अंगात बारा हत्तींचं बळ. अंगाईबद्दल मात्र त्यांचा आवाज खाली यायचा. "बाळ कधीच झोपलेलं असतं. झोप आईला नाय. तिची चौकशी करायला पाहिजे."

ताप आहे का म्हणून विचारावं तसं ते पेशंटला विचारायचे, "आजकाल कुठलं गाणं चालू हाय?" दवाखान्याचं दार उघडताना खाली मान घालून आलेली माणसं त्या प्रश्नानं चक्रावायची, मग हसायची. एकदा एक रिटायर्ड मास्तर आणि एक नवी नवरी आपापली गाणी सांगत असे रमले, की नंबर पुकारला तरी कुणी उठेना.

एकदा डॉक्टर मॅडम केसपेपर घेऊन बाहेर आल्या. कोपऱ्यात पेन्सिलीनं काहीतरी लिहिलेलं होतं.

"नसीरभाई, हे 'दर्दभरं, बासरी जास्त' काय आहे?"

"लक्षणं, मॅडम."

त्या दिवशी मॅडमनी त्यांना खोडरबर आणून दिला. पण आठवड्यानं त्याच मॅडम हळूच विचारताना मी ऐकलं, "त्या सहा नंबरच्या बाईंबद्दल तुमचं काय म्हणणं आहे?"

आता मी दुसरीकडं नोकरीला आहे. तिथं नंबर स्क्रीनवर येतो आणि कुणी कुणाला काही विचारत नाही.

कडुबा आला तो दिवस मला स्पष्ट आठवतो. आमच्या कन्नडकडचाच शेतकरी, चाळिशीचा. बायको लताबाई त्याचा दंड धरून आत आली. नसीरभाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला. कडुबा फरशीकडं बघत राहिला.

"आता गात नाय, भाऊ," लताबाई म्हणाली. "आधी गावात लगीन असलं की ह्यांना बोलवायचे. दिवाळीपासून एक ओळ बी तोंडातून नाय. म्हणले, आठवतच नाय."

नसीरभाईंचं हसू गेलं. ते उठले, रांगेतल्या माणसांपुढं हात जोडले. "ह्यांना आधी जाऊ द्या. रागावू नका." आणि कडुबाला स्वतः आत घेऊन गेले. नंतर मॅडम म्हणाल्या, "बरं झालं लगेच पाठवलंत."

कडुबा दोनदा आला. तिसऱ्या सोमवारी आला नाही. नसीरभाईंनी दिवसभर फोन लावला, कुणी उचलला नाही. संध्याकाळी त्यांनी मॅडमकडं दुसऱ्या दिवसाची सुट्टी मागितली आणि मला म्हणाले, "तुझ्या तालुक्याचा हाय. रस्ता दाखव."

सकाळच्या एस्टीनं कन्नडला उतरलो, पुढं काळीपिवळी जीपमध्ये दाटीवाटीनं बसून गाव गाठलं. लताबाई दारातच भेटली. "गोळ्या सोडल्या त्यांनी," ती म्हणाली. "भावकीत कुणीतरी बोललं, येड्याच्या गोळ्या खातो म्हणून. फोन बी बंद करून ठेवलाय."

ती आम्हाला शेतात घेऊन गेली. कडुबा लिंबाखाली बसला होता. आम्हाला बघून त्यानं तोंड फिरवलं. नसीरभाई धापा टाकत त्याच्या शेजारी मातीत बसले. मला वाटलं, आता गाण्याचं काढणार. त्यांनी नाव काढलं नाही. खिशातून गोळ्यांची पट्टी काढली आणि म्हणाले, "पाणी हाय का?"

कडुबानं कळशीकडं बोट केलं. नसीरभाईंनी एक गोळी तोंडात टाकली, वरून पाणी प्यायले.

"मी बी खातो," ते म्हणाले. "बारा वर्षं झाली. दुकान बंद पडलं आणि मी अंथरुणातून उठायचंच सोडलं. बीबीनं रिक्षात घालून मॅडमकडं नेलं. बरा झालो, तर मॅडम म्हणल्या, आता इथंच बसा."

कडुबा पहिल्यांदा त्यांच्याकडं वळला. "लोक बोलत नाय का?"

"लोकांना मी सांगितलंच नाय. शरम वाटायची. आज तुला सांगतोय."

कडुबानं पट्टीकडं हात केला. नसीरभाईंनी ती झटकन खिशात टाकली. "ही माझी हाय! तुझी तुझ्या घरात. आणि आधी मॅडमला विचारायचं." तिथूनच त्यांनी फोन लावून कडुबाच्या कानाला दिला. तो "व्हय, व्हय" म्हणत राहिला आणि लताबाई पदरानं डोळे पुसत घराकडं गोळ्या आणायला पळाली. पुढच्या सोमवारी कडुबा आला. नंतरही येत राहिला.

परतीच्या एस्टीत मी त्यांच्या शेजारी बसले. चार वर्षं मी या माणसाच्या शेजारच्या खुर्चीत बसत होते.

"आणखी कुणाला माहितंय?" मी विचारलं.

"मॅडमला. बीबीला होतं." ते खिडकीतून उसाकडं बघत होते. "ती गेल्यापासून गोळी घेतली का म्हणून विचारणारं कुणी नाय. मीच विचारतो, मीच हौ म्हणतो."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी माझा डबा घेऊन त्यांच्या टेबलापाशी गेले.

"घेतली का?"

नसीरभाईंनी वर पाहिलं. माझ्यासाठी त्यांनी पायानं स्टूल पुढं सरकवलं.

"हौ," ते म्हणाले.