कोहळ्याची परतफेड

सुगिए आजी काकड्यांची पिशवी घेऊन भर रस्त्यात उभ्या राहिल्या, तेव्हा कुरिमोतोने करकचून ब्रेक दाबले. त्याच्या मागून पाच सायकली येत होत्या. चारांवर निवृत्त डच पाहुणे आणि पाचवीवर मिझोगुची बाई. बाई टोकियोच्या एका बड्या प्रवासी कंपनीतून त्याची सायकल-सफर तपासायला आल्या होत्या. त्यांना पसंत पडली तर कंपनी वर्षभर पाहुणे पाठवणार होती. नाही पडली, तर कुरिमोतोला सायकली विकून पुन्हा टोकियोत टाय बांधावा लागणार होता.

चार वर्षांपूर्वी तो नोकरीला रामराम ठोकून आमच्या खोऱ्यात आला, तो म्हणे 'खरा जपान' शोधायला. आम्ही इथलेच असल्यामुळे आम्हाला तो हरवल्याचं कधी कळलं नव्हतं. त्याने भाड्याने घर घेतलं आणि परदेशी लोकांना आमच्या भातशेतांमधून सायकलवर फिरवायला सुरुवात केली. बांधावर बसून कोणी पाठ खाजवली तरी कुरिमोतो पाहुण्यांना त्यातली परंपरा समजावून सांगायचा.

एक गोष्ट मात्र त्याला आतून कुरतडत होती. उन्हाळ्यात आमच्याकडे भाजी इतकी येते की गाडीला कुलूप न लावता कोणी देवळात गेलं, तर परत येईपर्यंत मागची सीट वांग्यांनी भरलेली असते. दाराशी न सांगता कोणी भाजी ठेवून गेलं की समजायचं, आपण गावचे झालो. कुरिमोतोच्या दाराशी चार वर्षांत साधा देठही पडला नव्हता. तरी रोज सकाळी तो पाहुण्यांना बजावायचा, "इथली माणसं मनापासून देतात. त्यांना नाही म्हणायचं नाही, आणि घेतल्यावर काहीतरी परत द्यायचं."

पाहुणे शहाणे होते. हेन्ड्रिक नावाच्या दांडग्या डच मास्तरांनी काकड्या घेतल्या, कमरेत वाकून नमस्कार केला आणि आपल्या देशाहून आणलेला बिस्किटांचा पुडा आजींच्या हातात ठेवला. कुरिमोतोची छाती फुगली. आजींचा चेहरा मात्र पडला. एवढ्या लांबून आलेली बिस्किटं, आणि आपण दिल्या काय, तर घरात कोणी खाईना म्हणून आणलेल्या काकड्या. त्या आत गेल्या आणि तान्हं मूल आणावं तसा पोटाशी धरून एक कोहळा घेऊन आल्या. हेन्ड्रिकच्या बायकोला गहिवरून आलं. तिने गळ्यातला रेशमी रुमाल काढून आजींना दिला. मग आजींना आणखी दोन कोहळे आणावे लागले.

सायकली वळणाआड जाताच आजींनी पुढच्या वाडीतल्या कानबे म्हाताऱ्याला फोन लावला.

"ऐक रे, ही माणसं नाही म्हणत नाहीत."

एवढंच पुरलं. महिनाभर सगळी वाडी भाजी खपवायला माणूस शोधत होती. शेजाऱ्यांनी दारं लावून घेतली होती, शहरातल्या लेकी फोन उचलत नव्हत्या. आणि आता नाही न म्हणणारी माणसं स्वतः सायकलवरून दारात येत होती. कुरिमोतो पोचला तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाव हारीने उभं होतं. भोपळे, वांगी, कांद्याच्या माळा. पाहुणे डोळे पुसत सगळं घेत होते आणि बदल्यात किल्ल्यांच्या साखळ्या, टोप्या देत होते; शेवटी एकाने तर हातमोजेही दिले. प्रत्येक वस्तूमागे गाव ओशाळून आणखी भाजी आणत होतं. मिझोगुची बाईंच्या गळ्यात कांद्याची माळ पडली. त्यांनी ती तशीच ठेवून वहीत काहीतरी टिपलं, आणि कुरिमोतोला त्याचीच जास्त धास्ती वाटली.

पुढे घाट होता. सायकली चढेनात, म्हणून सगळे उतरून ढकलू लागले. मध्येच हेन्ड्रिकचं कॅरियर तुटलं आणि एक भोपळा गडगडत थेट खालच्या घराच्या अंगणात गेला. तिथल्या बाईंना वाटलं, पाहुण्यांना तो पसंत पडला नाही. त्या दोन चांगले निवडून धापा टाकत वर घेऊन आल्या.

घाटमाथ्यावरून स्टेशन दिसलं आणि पाहुण्यांना पकडायची होती ती एका डब्याची गाडी सुटतानाही दिसली. पुढची गाडी दोन तासांनी होती. मिझोगुची बाई फलाटावर भोपळ्यांच्या मध्ये बसल्या. कुरिमोतोने मनातल्या मनात टायची गाठ मारून टाकली. मग बाईंनी पिशवीतली एक काकडी काढली, बाटलीतल्या पाण्याने धुतली आणि कचकन दात लावला.

"अशी माणसं मी कुठे पाहिली नाहीत," त्या म्हणाल्या. "पुढच्या आठवड्यापासून पाहुणे पाठवते."

कुरिमोतो तरंगतच घरी आला. दाराशी सुगिए आजी उभ्या होत्या आणि पायरीवर तीन वाकडी वांगी होती.

"चार वर्षं वाट पाहिली, आजी. मलाच का नाही दिलंत कधी?"

"तुला कसं देणार बाबा? आल्या आल्या घरोघरी लाकडी पेटीतला महागडा केक वाटलास. आम्ही तो खाल्लासुद्धा नाही, बुरशी येईस्तोवर देवापुढे ठेवला. त्याच्या बदल्यात काकडी घेऊन कोणत्या तोंडाने येणार?"

"मी प्रेमाने दिला होता."

"हो ना. म्हणून तर फेडता येईना. नवीन माणसाने टॉवेल द्यायचा असतो रे. साधा टॉवेल." आजींनी सुस्कारा सोडला. "आज तुझ्या पाहुण्यांना दिलं, तेव्हा कुठे गावाचं ओझं उतरलं."

"मग ही वांगी कशाची?"

"कशाची नाहीत. जास्त झाली म्हणून आणली."

कुरिमोतोला रडूच फुटलं. जास्त झालेली भाजी आता त्याच्याही दारात येत होती. त्या रात्री तिन्ही वांगी त्याने भाजून सालासकट खाल्ली.

चार दिवसांनी मिझोगुची बाईंचा फोन आला. कंपनीचे साहेब फार भारावले होते. गावाचे आभार म्हणून त्यांनी घरटी एक भेट पाठवली होती, रेशमी कापडात बांधलेली लाकडी पेटी आणि आत दोन खरबुजं, राजघराण्यात शोभतील अशी. कुरिमोतो फोन तसाच टाकून सायकलवर बसला आणि जीव खाऊन वाडीत पोचला. कुरियरची रिकामी गाडी समोरून येत होती. चालकाने हसून हात केला.

पुढच्या आठवड्यात ठरल्याप्रमाणे नवे पाहुणे आले. आठ सायकली वाडीत शिरल्या. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. सगळी दारं बंद, पडदे ओढलेले, कानबे म्हातारा तर सायकलची घंटा ऐकून अळूच्या पानांत आडवा झाला. माहितीपत्रकातली मनापासून देणारी माणसं कुठे आहेत, असं पाहुणे विचारू लागले.

कुरिमोतो सुगिए आजींच्या खिडकीखाली जाऊन उभा राहिला. त्याने हळूच काचेवर टकटक केली. मग खिडकी बोटभर उघडली.

"टॉवेल म्हटलं होतं ना रे," आजी म्हणाल्या, आणि खिडकी बंद झाली.