चंपूबाईंनी पाहणीच्या कारकुनास चहा पाजिला त्याची हकीकत

श्री. दोन पायांवर उभे करितो त्या देवास, आणि पाय खचले म्हणजे हात देते त्या शेजारणीस, उभयतांस आधी नमस्कार करोन ही हकीकत लिहितो. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर. संवत्सराचे नाव ऐसे असोन या प्रकरणी कोणी कोणावर क्रोध केला नाही, हे मोठे नवल, आणि ते विसरले जाऊ नये म्हणोन लेखणी धरिली.

एका राज्यात, एका कसब्यात, तेल्याच्या बोळात, चंपूबाई वाघचौरे एकट्या राहत होत्या. तीस वर्षे शिवणयंत्र पायाने चालवोन अवघ्या कसब्याची पोलकी बाईंनी शिविली, आणि मग कमरेचा मणका सरकला, आणि मग दोन्ही गुडघे गेले, आणि यंत्रावर फडके पडले ते पडलेच. दूरच्या परगण्यात भाऊ होता, तो सांगोन पाठवी की, "ये की इकडं, पडून राहा कोपऱ्यात." भाऊ वाईट नव्हता, परंतु बाईंस कोपरा कबूल नव्हता. आपली एक खोली आणि आपली एक शेगडी राखावी, इतुकाच हेतू. राज्याचा शिरस्ता ऐसा की, ज्याचे अंग चालत नाही त्यास सरकारातून दरमहा वेतन द्यावे. मग बाईंनी अर्ज केला, आणि डॉक्टरी दाखला जोडिला, आणि वाट पाहत बसल्या. वेतन जाहले तर खोली राहील, न जाहले तर भावाचा कोपरा, ऐसा तो मामला होता.

कार्तिक वद्य पंचमीस पाहणीचे कारकून बाईंचे खोलीस आले. हे कारकून मोठे हुशार म्हणोन लौकिक होता. निदान त्यांचा स्वतःचा समज तैसा होता. आता त्या राज्याची रीत सांगितली पाहिजे. दारी आला मनुष्य चहाविना परत गेला तर घराची अब्रू गेली, आणि आल्या मनुष्याने चहा कैसाही असो, त्यास नाव ठेविले तर त्या मनुष्याची गेली. म्हणोन बाईंनी सकाळपासोन तयारी केली. ठेवणीतले लुगडे नेसल्या, आणि केस चापून बसविले, आणि वॉकर नामे जो चौपायी आधार, ज्याविना दोन पावले टाकणे मुश्कील, तो पडद्याआड लपविला. कां की, सरकारी माणसापुढे पसारा बरा दिसत नाही. कारकुनांनी पुसिले, "काय बाई, कशा आहात?" बाई बोलिल्या, "बरी आहे, साहेब. बसा तुम्ही, चहा ठेवते." कारकून नको नको म्हणाले, जैसे म्हणावयाचे असते, बाईंनी ऐकिले नाही, जैसे ऐकावयाचे नसते. मग बाई पडद्यामागे गेल्या, आणि कारकुनांनी भिंतीवरील कॅलेंडर पाहिले, आणि मग मोबाइल पाहिला, आणि मग पुन्हा कॅलेंडर पाहिले, आणि मग केव्हां तरी चहा आला. तो पिऊन "झकास झालाय हं" ऐसे बोलोन कारकून स्वार होऊन, म्हणजे स्कूटरवर, निघोन गेले. आणि कचेरीत बसोन लिहिते जाहले की, "अर्जदार प्रकृती बरी असल्याचे स्वतः सांगते. आधाराविना उभी राहते. स्वहस्ते चहा करून देते. सबब वेतनास पात्र नाही."

नामंजुरीचा कागद मार्गशीर्षात आला. तो शेजारच्या हसीनाबी मणियार यांनी वाचोन दाखविला. हसीनाबी कसब्यातील लेकीसुनांस बांगड्या भरीत, आणि बोळातील कोणाचे काय दुखते हे त्यांस डॉक्टरांआधी ठाऊक असे. कागद ऐकोन चंपूबाई शांतपणे बोलिल्या, "खरंच लिहिलंय गं. चहा तर केलाच होता मी. नाही कसं म्हणू?" तेव्हां हसीनाबींनी कपाळास हात लाविला. "केलास, पण कसा केलास ते कुठं लिहिलंय? भिंत धरत धरत गेलीस. पातेलं उचलत नाही म्हणून पळीनं कपात ओतलास. पाऊण तास लागला तुला, चंपू! आणि पुढं दोन दिवस उठली नाहीस. भाकरी कुणी आणून दिली?" "तू." "मग तेच लिहायचं."

कागदाचे तळाशी बारीक अक्षरात मजकूर होता की, तीस दिवसांत फेरदाद मागता येईल. हसीनाबींनी वही घेतली, परंतु बाई बोलावयास तयार होईनात. आपले दुखणे कागदावर मांडणे म्हणजे आतले कपडे रस्त्यावर वाळत घालण्यासारखे वाटते, ऐसे म्हणाल्या. "वाटू दे. घातल्याशिवाय वाळणार आहेत का?" ऐसे बोलोन हसीनाबी एकेक पुसत गेल्या, न्हाणी कैसी, जिना कैसा, निजेतून कूस कैसी वळतेस, आणि बाई भिंतीकडे तोंड करोन सांगत गेल्या, आणि मग चार पाने भरली. तीस दिवसांत पाच दिवस बाकी असता अर्ज दाखल जाहला. मग हसीनाबी बांगड्यांची पेटी बगलेत मारोन थेट पाहणीच्या कारकुनापुढे उभ्या राहिल्या.

"साहेब, आमच्या चंपूकडं चहा प्यालात ना? कसा होता?"

"झकास होता की."

"तुमच्या आईला स्मरून सांगा. कसा होता?"

कारकुनांनी इकडे पाहिले, तिकडे पाहिले, आणि मग हळूच बोलिले, "गार होता."

"आणखी?"

"निम्मा बशीत सांडलेला होता."

"आणि लिहिताना हे आठवलं नाही?" इतुके पुसोन हसीनाबी चालत्या जाहल्या. त्या दिवशी कारकुनांनी डबा तैसाच घरी नेला. माघ शुद्ध नवमीस फेरतपासणीचा दरबार भरला. मुख्य जागी एक डॉक्टरीणबाई, बाजूस दोन अंमलदार, समोर चंपूबाई, आणि हसीनाबींचे हुकमाने वॉकर उघड्यावर. डॉक्टरीणबाईंनी अर्ज चाळिला, आणि मान वर करोन मायेने पुसिले, "कशा आहात, चंपूबाई?" आणि जन्माची सवय, ती काय करणार, बाई तत्काळ बोलिल्या, "बरी आहे, बाईसाहेब. तुम्ही कशा आहात?" हसीनाबींनी डोळे मिटोन घेतले. एका अंमलदाराने जुना कागद पुढे केला आणि म्हणाला, "पाहणीतही हेच आहे."

तेव्हां मागील बाकावरोन कारकून उठले. ते कारकून म्हणजे प्रस्तुत लिहिणारा. येथवर लपविले, कां की लाज वाटत होती. आम्ही बोलिलो, "बाईसाहेब, तो कागद माझा. त्यात एक गोष्ट लिहायची राहिली. चहा गार होता. पाऊण तासानं आला आणि निम्मा सांडलेला होता. बाईंना वाईट वाटू नये म्हणून मी झकास म्हणालो, आणि कचेरीत येऊन तसंच लिहिलं."

अंमलदारांची दृष्टी आम्हांवर जैसी पडावयाची तैसी पडली. परंतु चंपूबाईंचे लक्ष दरबाराकडे नव्हतेच. त्या आम्हांकडे वळोन, भरल्या डोळ्यांनी बोलिल्या, "गार होता? अहो साहेब, मग सांगायचं नाही का? दुसरा करून दिला असता की!" ऐसे म्हणत त्याच क्षणी उठावयास गेल्या, जणू शेगडी समोरच आहे, आणि उठवेना. खुर्चीचा हात धरोन दोन वेळा जोर केला, आणि तैशाच खाली बसल्या. मग बाई आपल्या गुडघ्यांकडे पाहोन बोलिल्या, "नाही. दुसरा नसता झाला माझ्याच्यानं. पहिल्यापायीच दोन दिवस पडून होते मी." डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढोन पुसला, आणि म्हणाल्या, "एवढंच ऐकायचं होतं मला," आणि आपले हाताने नामंजुरी रद्द करोन वेतन मंजूर केले. ती बाई देवमाणूस. त्यांस आमचा साष्टांग दंडवत.

फाल्गुनात मंजुरीचा कागद आला, तो घेऊन आम्ही स्वतः तेल्याच्या बोळात गेलो. वास्तविक तो टपालाने जावयाचा. हसीनाबी तेथेच होत्या. बाईंनी कागद कपाळास लाविला, आणि खोलीच्या चारी भिंतींकडे एकवार पाहोन घेतले, आणि मग सवयीने बोलिल्या, "बसा, चहा ठेवते." आणि मग थांबल्या, आणि हसल्या, आणि म्हणाल्या, "नाही हो. तुम्हीच ठेवा. साखर वरच्या फळीवर आहे." मग आम्ही शेगडीपाशी उभे राहिलो आणि हसीनाबी दारातोन "आलं एवढं घाला, तेवढं घाला," ऐसे हुकूम सोडीत राहिल्या. चहा भलताच गोड जाहला. बाईंनी घोट घेतला आणि बोलिल्या, "गोडमिट्ट केलाय अगदी. पण गरम आहे." आम्हांस आजवर कोणा वरिष्ठाने ऐसी शाबासकी दिली नाही.

एवंच, खोली राहिली, शेगडी राहिली, आणि आमची नोकरीही कैसीबैसी राहिली. ज्या बाईचे वेतन आम्ही बुडवीत होतो तिने आम्हांस शब्दानेही दुखविले नाही, याचे ऋण मोठे. निघताना आम्ही पुसिले, "कशा आहात, बाई?" बाई नीट आमचे डोळ्यांत पाहोन म्हणाल्या, "आज डावा गुडघा लई ठणकतोय." ते तेथेच, उभ्या उभ्या, जैसे बोलिल्या तैसे लिहोन घेतले.