अनोळखी असल्याचा दाखला

नगर प्रशासनाच्या सौजन्य विभागाने ठरवले की प्रत्येक रहिवाशाने महिन्याला चार अनोळखी व्यक्तींना मदत करावी. न केल्यास गाडी उभी करण्याचा परवाना रद्द. अनोळखी कोणाला म्हणावे, याची व्याख्याही छापून आली: ज्याचे नाव, मजला व दुखणे अर्जदारास ठाऊक नाही असा इसम.

आमची पंचाईत इथेच झाली. आमच्या इमारतीत सगळ्यांना सगळ्यांची दुखणी तोंडपाठ. तातडीची सभा भरली आणि एकमेकांना न ओळखण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. दारांवरच्या पाट्या उतरल्या. जिन्यात "कसं काय?" असे विचारणाऱ्या निवृत्त मास्तरांना लेखी समज देण्यात आली. पंधरा दिवसांत आम्ही इतके परके झालो की लोकांच्या पिशव्या वर नेऊन देता देता माझ्या तीन नोंदी घरबसल्या झाल्या.

चौथीसाठी महिन्याचा शेवटचा दिवस उरला होता. दुपारी जिन्यात धप्पकन आवाज आला. बाहेर येऊन पाहतो तर वरच्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या काकू पायरीवर बसलेल्या, घोटा टम्म सुजलेला.

"काकू, लागलं का हो?" मी धावलो.

"अहो, काकू काय म्हणताय!" बायकोने माझी बाही ओढली. "नोंद बाद होईल ना!"

मी सावरलो. "नमस्कार. आपण कोण?"

"मेल्या, तुझ्या लग्नाचा कोट मी शिवलाय!" काकू कळवळल्या. "आधी दवाखान्यात ने मला."

"हळू बोला, बाई. निरीक्षक येईपर्यंत कोटाचं नाव काढू नका."

मदतीपूर्वी जागेवर पडताळणी आवश्यक असल्याने निरीक्षकांना फोन केला. ते पाऊण तासाने आले. तोवर घोटा जांभळा पडला होता. मला मनापासून वाईट वाटत होते. काकूंना उचलायला मी दोनदा वाकलो, आणि दोन्ही वेळा परवाना आठवून सरळ उभा राहिलो.

"बाई, या गृहस्थांना ओळखता का?" निरीक्षकांनी विचारले.

काकूंनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले.

"नाही हो," त्या म्हणाल्या. "ओळखते असं वाटायचं. पण नाही ओळखत."

निरीक्षकांनी 'नाही' एवढेच लिहून घेतले आणि शिक्का मारला. आमच्या मेहनतीचे त्यांना फारसे कौतुक नव्हते. "पंधरा दिवस लागले तुम्हाला? बाकीच्या इमारतींत काहीच करावं लागलं नाही. सगळे आधीपासूनच पात्र होते."

मी काकूंना दवाखान्यात नेले. वाटेत त्या एक शब्द बोलल्या नाहीत. तेही नियमाला धरूनच होते.

तुम्ही हसताय. हसा की. फक्त तुमच्या समोरच्या दारामागे कोण राहतं, तेवढं सांगा. नाही सांगता आलं तर अभिनंदन; तुमच्याकडे निरीक्षक पाठवायचीही गरज नाही.