दहाव्या ओळीखाली हरपलेले ढग चिमाबाईंनी मोजून काढिले, ते वर्तमान

श्री आकाश समर्थ. वरती निळाई, खाली शाई, दोहींस नमन करून लेखणी उचलिली. राज्य उघडल्याचे वर्ष सातवे, धूसरनाम संवत्सरे, आश्विन शुद्ध तृतीया, ते दिवशी काय जाहले ते ऐका.

एक राज्य होते. ते डोंगरावर नव्हते, नदीकाठीही नव्हते, ते पडद्यावर होते, आणि लोक त्यास संकेतस्थळ म्हणत. त्याचे एकेक पान म्हणजे दालन आणि एकेक लिंक म्हणजे दार, आणि पाहुणे कैसे, तर पावलांचा आवाज नाही, सावली नाही, दूर देशी कोणी बोट टेकवावे आणि येथे दार उघडावे, मग घटकाभर पाहून पाहुण्याने विरून जावे. बहुत गोड कारभार! तेथे राणीसाहेब राज्य करीत होत्या, आणि त्यांचे पदरी ढगदालनावर चिमाबाई ढगनवीस होत्या. त्यांचे काम एकच. रोज सकाळी गच्चीवर जावे, आकाशातला एक ढग निवडावा, त्याचे चित्र काढावे, त्यास नाव ठेवावे आणि त्याकरिता दालनास नवे दार पाडावे. एकाचे नाव ‘उशी विसरलेला’, एकाचे ‘आत्याचा अंबाडा’, आणि एकाचे तर नुसतेच ‘काही नाही, सहज’. चिमाबाई म्हणत की कालच्या ढगाच्या दारातून आजचा ढग आत येत नाही, अवघडतो बिचारा, म्हणून रोज नवे दार. इतर दालनांस एकेकच थोरले दार, येथे मात्र ऐसी चाल पडली, आणि तीच पुढे त्यांचे जिवावर आली.

कारण की त्याच दरबारी सुभानजी मोजणीस होते. कोण दारात आले, किती थांबले, याची नोंद मोजणीयंत्र आपोआप करी, आणि ती तीन महिन्यांनी उतरवून, कागद करून, राणीसाहेबांपुढे ठेवणे हे सुभानजींचे काम. त्यांचे वडिलांपासून रिवाज ऐसा की राणीपुढे जाणारा कागद दहा ओळींचा. अकरावी ओळ म्हणजे बेअदबी. आणि त्या वर्षी राणीसाहेबांनी हुकूम फर्माविला की दालने फार जाहली, निगा होत नाही, सबब मोजणीच्या कागदावर ज्याचे नाव नाही ते दालन दसऱ्यापासून बंद. मग सुभानजींनी घसा साफ करून कागद वाचिला. आषाढ ते भाद्रपद, हास्यदालन नऊ हजार दोनशे, पाकदालन सात हजार पाचशे, ऐसे उतरत उतरत दहावे कोड्यांचे दालन, तीनशे. ढगदालन कोठेच नाही.

“वाईट वाटून घेऊ नका, चिमाबाई,” सुभानजी म्हणाले, “ढगच ते. आपसूक येतात, आपसूक जातात. त्यांस दालन कशाला हवे?”

“पण काका, लोक येतात हो माझ्याकडे! चिठ्ठ्या लिहितात.”

“चिठ्ठ्या मोजणीत धरीत नाहीत.”

दरबार खो खो हसला आणि चिमाबाईंचे डोळे भरले, परंतु त्या मागे सरल्या नाहीत. म्हणाल्या, “राणीसाहेब, मला हा कागद नको. हा ज्यातून निघाला ते सगळे द्या. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत.”

“अहो, तेराशे ओळी आहेत त्या!”

“असू देत की. मी काय उभ्याने वाचणार आहे?”

राणीसाहेबांनी एक दिवसाची मुदत दिधली. मग चिमाबाईंनी तेराशे ओळी उतरवून घेतल्या, आणि मूळ प्रत पेटीत घालून कुलूप लाविले, की तीस कोणाचे बोट लागू नये, आणि खटपट सारी नकलेवर केली. आणि नकलेचे माथ्यावर अगोदर लिहिले की कोणत्या तिथीपासून कोणत्या तिथीपर्यंत, दिवस कोणत्या देशीच्या घड्याळाने धरिला, आणि ‘येणे’ म्हणजे नेमके काय. मग गच्चीवर बसून ओळी वाचू लागल्या. वारा पाने उलटीत होता, आणि चाळिसाव्या ओळीस पाहतात तो काय, ‘आत्याचा अंबाडा’, एकशे एकाहत्तर! आणि तेथून पुढे ‘उशी विसरलेला’, एकशे अडुसष्ट, आणि ढगामागून ढग, नव्वद दिवसांचे नव्वद. यंत्रास काय ठाऊक की हे सारे एकाच घरचे! त्याने दारागणिक वेगळी ओळ धरिली, आणि एकही दार तीनशेपर्यंत पोचेना, आणि सुभानजींनी दहा ओळींखालचे सारे ‘इतर’ म्हणून सोडून दिधले. चिमाबाईंनी फुले ओवावी तैसे ढग ओविले आणि बेरीज आली सहा हजार तीनशे वीस. त्या गच्चीवर अक्षरशः नाचल्या.

मग नाचता नाचता थांबल्या. कारण त्यातील चारशे दहा खेपा राजवाड्याच्या आतूनच जाहल्या होत्या, आणि घरच्यांस पाहुणे म्हणणे खोटे. ठेवून दिधल्या असत्या तर कोणास कळते? परंतु त्यांनी त्या वगळिल्या, आणि तीच चाळणी सर्व दालनांस लाविली, तो हास्यदालनाचे एकोणीसशे गळाले, मोजणीकचेरी रोज दुपारी तेथेच पडीक असे म्हणून.

दुसरे दिवशी दरबारी हे वाचून दाखविले. सुभानजींस हास्यदालनाचे लागले आणि ते म्हणाले, “चारशे दहा आतले! म्हणजे आपल्याच दारात आपणच उभ्या होतात की, बाई!”

“एकशे ऐंशी माझ्या, काका. रोज दोनदा जाते, नाव नीट बसले का ते बघायला. उरलेल्या दोनशे तीस एकाच खिडकीतून, म्हणजे वाड्यातल्या एकाच पडद्यावरून. रोज न्याहारीच्या आधी, आणि मग पुन्हा दिवसातून एकदोनदा.”

“कोणाची खिडकी?”

“यंत्र खिडकीस आकडा देते, नाव देत नाही. मीही शोधिले नाही. किती आले ते कागदावर यावे, कोण आले ते येऊ नये.”

“त्यात काय, आत्ता शोधतो! चुटकीसरशी काम.”

“सुभानजी,” राणीसाहेब हळूच बोलिल्या, “शोधू नका.”

राणीसाहेबांचे कान लाल जाहले होते, आणि सुभानजी आपल्या जोड्यांकडे पाहू लागले. मग राणीसाहेब सावरून म्हणाल्या, “त्या दोनशे तीस वगळलेल्याच राहू देत. राहिले किती?”

“पाच हजार नऊशे दहा. तिसरा क्रम.”

“मग ढगदालन बंद होत नाही.”

“परंतु दहा ओळींचा रिवाज...” सुभानजी पुटपुटले.

“दहा ओळी मला वाचावयास, सुभानजी. तुम्ही मोजायच्या त्या सगळ्या.” आणि मग चिमाबाईंकडे वळून, अगदी मैत्रिणीस विचारावे तैसे, “चिमा, पहिल्या वर्षी ग किती आले होते?”

चिमाबाईंनी मान हालविली. “नाही सांगता येत. यंत्र चौदा महिन्यांपलीकडचे ठेवीत नाही, आणि कोणी उतरवून घेतले नाही. विरले ते.”

मग सुभानजी स्वतः उठले, पागोटे नीट केले आणि म्हणाले की यापुढे दर अमावास्येस मी सगळे उतरवीन, आणि चिमाबाईंस म्हणाले, “त्या ओवण्याची रीत मला दाखवा जरा.” आणि त्यांनी दाखविली.

सारांश, सगळे उतरवावे, मूळ जपावे, घरचे वगळावे, आणि पूर्ण पाहिल्यावाचून कोणाचे दार लावू नये. आज आकाश निरभ्र होते. चिमाबाईंनी रिकाम्या निळ्यासच दार पाडिले, आणि पाहून गेले बासष्ट, राजवाड्यातील वगळून. येथे शाई वाळली.