भैयाजीची पेटी आणि हात न लावण्याचं शास्त्र

जगातली बहुतेक कामं न केल्यानेच होतात, हे मनोहररावांनी एकवीस वर्षांच्या सरकारी नोकरीत सप्रमाण सिद्ध केलं होतं. ते हेडक्लार्क होते. आलेली फाइल ते आधी टेबलाच्या डाव्या बाजूला ठेवत, काही महिन्यांनी उजव्या. या प्रवासात शंभरातले साठ अर्जदार कंटाळत, पंचविसांची बदली होई, दहा निवृत्त होत, आणि उरलेल्या पाचांना अर्ज कशासाठी केला होता तेच आठवत नसे. निकाल शंभर टक्के. (एवढा निकाल त्या काळी नागपुरातल्या एकाही शाळेचा लागत नव्हता.)

हे शास्त्र घरी लावून पाहण्याची संधी १९८१ साली आली. त्यांच्या पत्नी शामलाबाई, आणि शामलाबाईंचा भाऊ मधुसूदन रेल्वेत गार्ड. त्याने मुंबईहून समुद्र आणला. म्हणजे सहा कॅन खारं पाणी, एक खडक आणि एक मासा. बर्डीच्या बाजारातून काचेची पेटी आली, हवेचे बुडबुडे सोडणारी विजेची मोटर आली. मासा नारिंगी, अंगावर पांढरे पट्टे. सगळ्यांकडे काम सांगितल्यासारखा पाहायचा, म्हणून त्याचं नाव भैयाजी. खडक मात्र जिवंत होता. त्याच्यावर बोटाएवढी फुलं उघडमीट करत, भोकांतून मिशा डोकावत. जिवंत दगड म्हटल्यावर शेजारच्या रुख्मिणीकाकू शेंदूर घेऊन आल्या. त्यांना परत पाठवताना शामलाबाईंची पुरेवाट झाली. (नारळ ठेवून घेतला.)

मनोहररावांनी पहिल्याच दिवशी धोरण जाहीर केलं. पाणी बदलायचं नाही. खायला घालायचं नाही. समुद्रात कोण घालते? काच पुसायची नाही. रोज सायंकाळी सहा ते सात समोर खुर्ची टाकून पाहायचं, एवढंच.

वर्ष झालं. भैयाजी गुबगुबीत झाला. खडकावरची तीन फुलं अकरा झाली.

येथे एक किरकोळ तांत्रिक बाब नोंदवणे आवश्यक आहे. मनोहरराव सकाळी दहाला कचेरीत गेले की शामलाबाई पेटीजवळ येत. नागपूरच्या हवेत पाणी बोटबोट आटायचं, म्हणून त्यांनी काचेवर कुंकवाची रेघ ओढली होती. रेघेपर्यंत माठातलं शिळं पाणी घालायचं. मग करंगळी बुडवून चव घ्यायची. लोणच्याचा खार जिभेवर ओळखणाऱ्या बाईला समुद्र अवघड नव्हता. बायजाबाई, त्यांची भांडीवाली, इतवारी बाजारातून मूठभर झिंगे आणायची, त्यांचे मोहरीएवढे तुकडे करून भैयाजीला. काचेवरचं हिरवं जुन्या लुगड्याच्या चिंधीने पुसायचं. महिन्याला मधुसूदन दोन कॅन आणायचा, ते मागल्या दाराने. उन्हाळ्यात पेटीभोवती ओलं पोतं. आणि लाइन गेली की मोटर बंद, म्हणून भावाच्या स्कूटरचा पायाने दाबायचा पंप नळीला जोडून, एकीकडे पोळ्या लाटत, उजव्या पायाने बुडबुडे.

एवढं सोडलं तर पेटीला कोणी हातही लावत नसे.

वसाहतीत या यशाचा बोलबाला झाला. 'अहस्तक्षेप मंडळ' निघालं. बेचाळीस घरांपैकी एकतीस घरांनी तत्त्व स्वीकारलं. (त्या घरांतले स्वीकारणारे पुरुष एकतीस, बायकांना सभेला यायला वेळ झाला नाही.) गळका नळ आपोआप थांबेल म्हणून कोणी दुरुस्त करेना. गणिताचे मधुकरराव मास्तर वर्गात फळ्याकडे पाठ करून शांत बसू लागले. आणि मनोहररावांना लोक 'सर' म्हणू लागले. एकवीस वर्षांत कचेरीत त्यांना असं कोणी म्हटलं नव्हतं. सायंकाळी खुर्चीत बसलेला त्यांचा चेहरा शामलाबाई स्वयंपाकघरातून पाहत, आणि सांगायचं राहून जाई.

पुढल्या मे महिन्यात कुहीहून पत्रिका आली. भाची जयवंताचं लग्न. हिला शामलाबाईंनी कडेवर वाढवलेलं. नऊ दिवस जायचं, आणि नेमका नवतपा. नागपूरच्या उन्हाळ्यातले ते नऊ दिवस, ज्यांत कावळासुद्धा उडायचा विचार रद्द करतो. त्यात परत येण्याच्या दिवशी सायंकाळी सहाला मंडळाचा वर्धापनदिन, पेटीसमोरच.

"काहून वं, जाऊन ये ना," मनोहरराव म्हणाले. "नऊ काय, नव्वद दिवस राह्य. पेटीले काय करा लागते?"

"काहीच नाही करा लागत?"

"आपोआप होते सारं. वर्षभर तूच पाहून राहिली ना?"

"हो जी. मीच पाहून राहिली."

बायजाबाई लेकीकडे कळमेश्वरला निघाली होती. जाता जाता म्हणाली, "बाई, मरू द्या एक डाव त्या मच्छीले. मंग समजन साहेबाले."

"मच्छी तं मरन वं," शामलाबाई म्हणाल्या, "पण मंग हा माणूस त्या खुर्चीत बसन कशाले?"

तरी त्या गेल्या. पोरीच्या लग्नापुढे मासा कोण? पण कुहीच्या मांडवात कढीची चव घेताना त्यांना पेटी आठवे, आणि हळदीला बसल्या बसल्या उजवा पाय वरखाली होई. बँडवाल्यांना वाटलं, मावशी ताल धरून राहिली.

नवव्या दिवशी, रविवारी, दुपारी तीनला त्या परत आल्या. चपला न काढताच पेटीशी गेल्या.

भैयाजी जिवंत होता. काम सांगितल्यासारखा पाहत होता.

काच लख्ख. पोतं ओलं. आणि कुंकवाच्या रेघेखाली लाल शाईच्या, पट्टीने आखलेल्या नऊ रेघा, एकीखाली एक. प्रत्येक रेघेपुढे तारीख, वेळ, आणि लफ्फेदार सही. म. रा. गु. एकवीस वर्षांची सवय. माणूस चोरूनसुद्धा सही केल्याशिवाय काही करू शकत नव्हता.

"मी हात नाही लावला," मनोहरराव आतून लंगडत आले. उजवा पाय.

"पायाले काय झालं जी?"

"खुर्चीत बसून बसून आखडला."

जेवताना त्यांनी वरणाचा भुरका मारला, जीभ टाळ्याला लावली आणि म्हणाले, "मीठ चिमूटभर कमी हाय." लग्नाला सतरा वर्षं झाली होती. मिठावर ते पहिल्यांदा बोलले.

शामलाबाईंनी मीठ वाढलं. ते हात धुवायला गेले तेवढ्यात पदर ओला करून नऊच्या नऊ सह्या पुसल्या. कुंकवाची रेघ राहू दिली.

सहाला चाळीस माणसं जमली. सरांनी भाषण केलं. "या नऊ दिवसांत घरात बाईमाणूस नव्हतं. तरीसुद्धा…" बोलता बोलता त्यांची नजर काचेवर गेली. ते थांबले, त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. दारात चहाचा ट्रे होता. "…तरीसुद्धा सारं आपोआप," ते जरा खालच्या आवाजात म्हणाले. टाळ्या वाजल्या. ठराव एकमताने मंजूर.

दुसऱ्या दिवसापासून भैयाजीला दोनदा खायला मिळू लागलं, एकदा सकाळी दहानंतर, एकदा पहाटे पाचला. तो फुगत चालला. कोण घालतं, हे दोघांपैकी कोणीही विचारलं नाही.

मंडळ अजून आहे, वाचकहो, आणि सभासद होण्यासाठी अर्ज करावा लागत नाही. तुम्ही हे वाचायला घेतलं तेव्हा दूध गॅसवर होतं; ते उतू गेलं नाही. दारावर कोणी आलं होतं, ते परतही गेलं. तुमच्या उजव्या हाताशी चहाचा कप आहे, तो मघाशी नव्हता. तुम्ही मान वर केली नाहीत, हे उत्तमच केलंत.

प्या. निवून राहिला.