सासुरवाडीच्या डाळिंबातला टोलनाका

शिरूर ते दौंड सायकलवर जायचं असेल तर रस्ता मीच आखावा, ते येरागबाळ्याचं काम नव्हे! न्हावऱ्यापर्यंतचा प्रत्येक चढ, पुढचा प्रत्येक उतार, कोणत्या वस्तीवरचं कुत्रं नुसतंच भुंकतं आणि कोणतं पोटरी धरतं, सगळं मला तोंडपाठ आहे. लोक कोकणात जाऊन समुद्राकाठी सायकली हाणतात. हाणोत बापडे! आमच्याकडे माळ उठतो, बसतो, मधेच दोन्ही बाजूंनी ऊस अंगावर येतो आणि भीमा ओलांडली की वारा पाठीला हात लावून थेट दौंडात नेऊन सोडतो. समुद्र नाही, एवढंच काय ते.

तर आमच्या कारखान्यातल्या बारा सायकलवीरांची रविवारची सफर मी आखली. नाष्ट्याचा थांबा ठेवला माझ्या सासुरवाडीला. यात माझा एक डाव होता. माझे सासरे आनंदराव, गावच्या सोसायटीचे माजी चेअरमन. लग्नाला सहा वर्षं झाली, पण या माणसाने मला एकदाही चांगलं म्हटलेलं नाही! त्यांचा मुख्य राग माझ्या सायकलवर. "सायकल दूधवाल्यानं चालवावी, न्हाईतर शाळंतल्या पोरानं. दारात गाडी असताना जावई टांग मारून फिरतो, लोक इचारत्यात मला!" असं ते चारचौघांत म्हणायचे. म्हणून मी ठरवलं, मागे अकरा साहेबलोक, पुढे मी, असा दिमाखात त्यांच्या दारात उतरायचं. एकदा तरी त्यांच्या तोंडून 'वा' काढायचंच!

"आबांना सरळ सांगा ना, सायकलवर येतोय म्हणून," माझी बायको अनुपमा म्हणाली.

"अगं, सरप्राईज असतं ते!"

"आमच्या आबांना सरप्राईज मानवत नाही."

मी ऐकतोय कसला! फोनवर फक्त 'रविवारी बाराजण नाष्ट्याला येतो' एवढंच सांगितलं.

शुक्रवारी दुपारी मी एकटाच जाऊन सगळ्या फाट्यांवर चुन्याचे बाण काढून आलो. माझं काम म्हणजे चोख! डोक्याला हेल्मेट, अंगात भगभगीत नारिंगी जाकीट, हातात चुन्याचा डबा. सासऱ्यांच्या डाळिंबाच्या बागेपाशी थांबा आहे, हे कळावं म्हणून तिथे बैलगाडीच्या चाकाएवढा गोल काढला आणि बागेमागच्या घराकडे एक ठसठशीत बाण सोडला. तो बाण बरोबर बागेतून आरपार जातोय, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. गाव दुपारचं झोपलंय, असा माझा समज होता. गाव कधीच झोपत नसतं, फक्त डोळे मिटून पडलेलं असतं.

रविवारी सकाळी मी वाटाड्या म्हणून सगळ्यांच्या पुढे निघालो. तेच हेल्मेट, तेच नारिंगी जाकीट, शिवाय धुळीसाठी तोंडाला फडकं, डोळ्यांवर काळा गॉगल. सासुरवाडीची शीव लागली आणि मी चकितच झालो. शुक्रवारी जिथे नुसती ढेकळं होती तिथे आंब्याची शंभर रोपं ओळीने उभी! पुढच्या बाणापाशी नवंकोरं पत्र्याचं शेड, त्यावर 'पोल्ट्री फार्म' अशी पाटी. आत कोंबडी एकही नाही. दोन दिवसांत शेतकऱ्याने काय प्रगती केली, म्हणून माझा ऊर भरून आला!

गोलापाशी पोचलो तर रस्त्यात ट्रॅक्टर आडवा, त्यापुढे शंभरेक माणसं आणि माझ्या गोलाच्या बरोबर मधोमध खुर्ची टाकून बसलेले आनंदराव!

"आला! मोजणीवाला आला!" कुणीतरी ओरडलं.

"सायकलवर?"

"मग? जीप आणली तर गावाला कळंल! चोरून मोजत्यात आता."

सासरे उठले. "साहेब, रस्ता काढा, न्हाईतर इमान उतरवा. पर माझ्या डाळिंबातनं? आन् ह्यो गोल कशाचा? टोलनाक्याचा न्हवं?"

मला हसूच आलं. फडकं काढून 'अहो आबा, मीच!' म्हणणार, तेवढ्यात त्यांनी काठी आपटली. "ज्या गाढवानं ह्यो गोल काढला त्याला गाढवावरच बसवून गावातनं फिरवीन! साऱ्या गावाम्होरं सांगतो, आनंदरावाचा शब्द हाय!"

माझा फडक्याकडे गेलेला हात तिथेच थांबला. तिकडे वस्तीवरचा टायगर धावत आला. परका माणूस दिसला की नरडीला जाणारं हे कुत्रं माझ्या पायाशी लोळण घेऊन शेपटी आपटायला लागलं! सासूबाई साखरबाई पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. त्यांनी टायगरकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि तांब्या पुढे करता करता पुटपुटल्या, "जावईबापू, गप ऱ्हावा! दोन दिस झालं, साऱ्या गावाला कामंधामं सोडून गोळा केलंय ह्यांनी. आता जावयानंच चुना सांडला म्हणल्यावर ह्यांनी तोंड कुठं लपवायचं? काय बी करा, पर साहेबच ऱ्हावा!"

अशा वेळी कच्चा माणूस घामाघूम झाला असता. मी घसा खाकरला आणि आवाज जाड केला. "ग्रामस्थांच्या तीव्र भावना विचारात घेता, सदर रस्ता रद्द करण्यात येत आहे!"

एकच जल्लोष! फक्त मच्छिंद्र नावाचा एक गृहस्थ पुढे आला. "रद्द? आन् माझं आंबं? शंभर रोपं लावली, पाठ मोडली की! आता भरपाई कुणाकडं मागू?"

"आरं गप!" म्हणत सासऱ्यांनी त्याला बाजूला सारलं आणि माझा हात धरून ओसरीवर नेलं. हेल्मेट काढायचं नाही, असा सरकारी नियम आहे म्हटल्यावर त्यांनी हेल्मेटवरच फेटा बांधला! पुढ्यात धपाटी, दही, ठेचा आला. "जावई यायचाय बाराजणं घेऊन. पर आधी तुमी खावा!" फडक्याखालून धपाट्याचा तुकडा सरकवणं एकवेळ जमतं, पण ठेचा? गॉगलच्या आत माझ्या डोळ्यांना पूर आला.

"डोळं भरून आलं साहेबांचं," सासरे गहिवरले. "गरिबाची कदर हाय. न्हाईतर आमचा जावई बघा! नाष्टा निवला, अजून पत्ता न्हाई. थांबा, फोनच लावतो."

अंगणात माझ्या सायकलवर लावलेला फोन केकाटायला लागला! मी उडी मारून तो कापला.

"बघा, फोन कापला त्यानं!" सासरे म्हणाले. "तुमचा बी वाजला वाटतं? मोठ्या माणसाला सवड नसती. त्याला काय काम हाय?"

तेवढ्यात मागचे अकरा वीर येऊन थडकले. "सत्यजीत! अरे, फेटा काय, स्वागत काय, कमाल केलीस!" आमचा पृथ्वीराज गेटातूनच ओरडला.

सासरे माझ्याकडे बघतच राहिले. मग सुस्कारा टाकून म्हणाले, "आमच्या जावयाचं नाव बी सत्यजीतच. पर नुसतं नाव घिऊन काय करायचं!"

साहेबांचा स्टाफ म्हणून अकराजणांनी जावयाच्या पंक्तीची सगळी धपाटी फस्त केली. पुढे दौंडपर्यंत वारा पाठीशी होता, पण मला काही मजा आली नाही. दौंडातून मी फोन करून 'गाडी बंद पडली' म्हणून सांगितलं. जे ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही.

दिवाळीला सासुरवाडीला गेलो तर ओसरीवर, आमच्या लग्नाच्या फोटोच्याही वर, एक मोठी नवी फ्रेम लावलेली. हेल्मेटवर फेटा, काळा गॉगल, तोंडाला फडकं आणि शेजारी हात जोडलेले आनंदराव.

"बघा जावई, ह्याला म्हणत्यात माणूस!" सासऱ्यांनी मला खांद्याला धरून फ्रेमपुढे उभं केलं. "एका शब्दात रस्ता फिरवला. एवढा मोठा साहेब, पर आला कसा? सायकलवर! न्हाईतर तुमी, दोन घास खायला यायचं तर गाडी बंद पडती! ह्येच्या पायाचं तीर्थ घ्या, मग काय तरी गुण लागंल."

आत साखरबाईंना जोराचा ठसका लागला. अनुपमा पदर तोंडात कोंबून मागच्या दाराने पळाली. आणि सहा वर्षांत पहिल्यांदाच माझं एवढं कौतुक चाललं असताना, मी मुकाट्याने वाकून भिंतीवरच्या स्वतःला नमस्कार केला!