दोन मीटर पंच्याऐंशी

"माप म्हणजे मी आणि मी म्हणजे माप!" वेल्को गवंडी रस्त्यात भेटेल त्याला थांबवून सांगायचा. रोडोपी डोंगरातल्या त्या गावात त्याला खोडून काढणारंही कोणी नव्हतं.

त्या ऑक्टोबरात त्यानं कोंबड्यांचं खुराडं बांधायला घेतलं. टेप घरात राहिली होती आणि उठायचा कंटाळा! म्हणून त्यानं आदल्या दिवशी मोजून ठोकलेल्या या खुंटीपासून त्या खुंटीपर्यंत सुतळी ताणली, तेवढीच कापली, दगड बसवले आणि काम झाल्यावर सुतळी तिथेच सांध्यात कोंबून वर सिमेंट थापलं. नेमकी तेव्हा शेजारची स्तोइना आजी कुंपणापाशी उभी होती आणि तिची सावली त्या सुतळीवर पडली होती.

"मेल्या, माझी सावली मोजलीस!" आजी किंचाळली.

तिकडचे जुने गवंडी म्हणे भिंत टिकावी म्हणून चोरून कोणाची तरी सावली दोरीनं मोजायचे आणि दोरी भिंतीत पुरायचे. ज्याची सावली, तो चाळीस दिवसांत खलास! पुढे त्याच्या भुतानं भिंतीची राखण करायची.

"आजी, ती भिंतीची लांबी होती! दोन मीटर पंच्याऐंशी!"

"पुलात पुरली असतीस तर मान तरी होता रे! जगबुडीपर्यंत कोंबड्या राखू का मी?"

आजीनं अंथरूण धरलं. मयताचे कपडे इस्त्री करून खुर्चीवर ठेवले. मयतानंतर लोकांना वाटतात त्या उकडलेल्या गव्हात साखर कमी पडू देऊ नकोस, असं वेल्कोच्या बायकोला, राल्काला, बजावलं. वेल्को दोन दिवस हसला. चौथ्या दिवशी आजीनं सूप परत पाठवलं, सहाव्या दिवशी पाणीही नको म्हणाली आणि वेल्कोचं हसू मावळलं. त्याची आई गेली तेव्हा याच बाईनं त्याला जेवू घालून वाढवलं होतं.

"मोजूनच दाखवतो! तुझी सावली दोन पंच्याऐंशी भरली नाही, म्हणजे सुतळी तुझी नाही. पटलं?"

"सावली मोजली म्हणून मरतेय, तर हा परत मोजायला निघाला!"

शेवटी ती कबूल झाली. पण जागा तीच हवी आणि वेळही तीच, सकाळी साडेदहाची. आणि आभाळ भरून आलं! तीन दिवस ऊन नाही. वेल्को टेप घेऊन अंगणात वर बघत उभा, आणि आत आजीचे गाल खोल जात चाललेले.

दहाव्या दिवशी ऊन पडलं. वेल्कोनं आजीला उचलूनच कुंपणापाशी आणलं, राल्कानं तिला धरून उभं केलं. त्यानं टेप ताणली, वाचली. डोळे पुसून परत वाचली.

दोन मीटर पंच्याऐंशी. एक मिलिमीटर इकडे नाही की तिकडे नाही.

"किती रे?" आजीनं कसंबसं विचारलं.

वेल्कोनं टेप झटकन गुंडाळून घेतली. आजवर एकही माप त्यानं खोटं सांगितलं नव्हतं.

"दोन चाळीस!" तो ओरडला. "तब्बल पंचेचाळीस सेंटिमीटरचा फरक! आजी, तू तर फारच बुटकी निघालीस!"

"बुटकी तुझी सासू!" आजी म्हणाली आणि तिनं सूप मागितलं.

दुपारी राल्का अंगणात आली, तर वेल्को घणानं भिंत फोडत होता.

"अहो, हे काय?"

"वाकडी झालीय."

राल्कानं ओळंबा लावून पाहिला. "कुठे वाकडी? चांगली सरळ आहे की!"

"वाकडी आहे म्हटलं ना!" वेल्को खेकसला, आणि सिमेंटच्या चुऱ्यात गुडघे टेकून सुतळी शोधू लागला.